मित्राच्या लहान होडीतून समुद्रात गरवायला जायचंय, तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न असा: मालवणजवळच्या देवबागला मित्राची आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेलं मशीन) लावलेली लहान फायबर होडी आहे, दोघांनी एक सकाळ समुद्रात गरी टाकायला जायचंय, सामान काय घ्यावं? सामानाचं सांगतोच, पण आधी तारीख. बहुतेक जण रविवार बघून ठरवतात. तिथी बघून ठरवा.

कर्ली खाडीच्या तोंडावर वाळूमुळे पाणी उथळ आहे आणि होडी तिथूनच बाहेर न्यायची, तिथूनच आत आणायची. हंगामात सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा असतो. साडेदहा-अकरानंतर वायव्येकडून खारा वारा चढायला लागतो. खाडीतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडतंय आणि समोरून खारा वारा आलाय, असं झालं की त्या उथळ जागी आखूड, उभ्या लाटा उठतात. बाहेर समुद्र बरा दिसत असला तरी लहान होडी उलटते ती इथे. म्हणून जाताना ओहोटी आणि मतलई, येताना भरती आणि खारा वारा, अशी जोडी जमली पाहिजे.

हिशेब जुनाच आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पक्ष कुठलाही असो. चतुर्थीला ३ वाजता, पंचमीला पावणेचारला. त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेनऊ ते साडेनऊच्या दरम्यान, ओहोटी संपते. सहाला निघालात तर पाणी आणि वारा दोन्ही पाठीशी, आणि साडेदहाला परतताना भरती तुम्हाला आत घेते. याउलट दशमी-एकादशीला भरती सकाळी साडेसात ते सव्वाआठला होते आणि अकराला ओहोटी ऐन जोरात असते. ते दिवस सोडा. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे आदल्या रात्री भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रकही बघून घ्या.

महिने ऑक्टोबर अखेर ते एप्रिल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि मशीन लावलेली होडी त्यातच धरायची. नारळी पौर्णिमेनंतर मोठ्या नौका जातात म्हणून तुम्ही जाऊ नका, तेव्हा लाटेचा फुगार गेलेला नसतो. शिवाय मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास गरी टाकायची नाही.

आता गरी. पहिल्या दिवशी रॉड-रीळ नको, हातगरी पुरते. ०.६० मिमी जाडीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) ५०-६० मीटर, प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळलेला. खाली टोकाला शिसं, त्याच्या वर हात-दीड हातावर एक गळ आणि तितक्याच अंतरावर दुसरा, दोन्ही वीतभर फाट्यांवर. शिसं ५० ते १०० ग्रॅम. पाणी ओढत असेल तर जड. शिसं मात्र मुख्य तंगुसाला थेट बांधू नका, ०.३५ मिमीच्या तुकड्याने बांधा. खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकात, अडकतं ते बहुधा शिसं. तो बारीक तुकडा तुटतो आणि गळ-मासा दोन्ही वर येतात.

वाळूवर मुडदुशी हवी असेल तर ८ किंवा १० नंबरचा गळ, खडपाजवळ तांबोशी-गोबऱ्यासाठी २/० ते ४/०. आकड्यांत गोंधळ होतो: साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान, शून्यवाल्या नंबरात आकडा वाढला की गळ मोठा.

आमिषाला अर्धा किलो ताजी कोलंबी, एक माकुल (स्क्विड), चार-पाच तारले (लहान मासे) दोघांना पुष्कळ होतात. सोललेली फ्रोझन कोलंबी आणू नका, ती मऊ पडते आणि दोन टोचण्यांत गळावरून निघून जाते. माकुलाची बोटभर लांब पट्टी चिवट असते, एका पट्टीवर दोन-तीन मासे निघतात. आमिष बर्फाजवळ, सावलीत.

शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्या आणि तंगूस तर्जनीवरून ताणून धरा. बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, नाहीतर मोठा मासा ओढताना बोट चिरतं. टकटक टकटक लागली तर लहान मासे आमिष कुरतडतायत, थांबा. गोबऱ्याची ओढ एकदम जड येते. तिथे विचार करायचा नाही, पहिले दोन मीटर ताबडतोब ओढायचे, कारण तो बिळात शिरून कल्ले फुगवून अडकून बसतो. शिरलाच तर तंगूस दोन-तीन मिनिटं सैल सोडा. बऱ्याचदा तो आपणच बाहेर येतो.

नांगर पुढून, नाळेवरूनच टाकायचा. मागून टाकला की मशीनच्या वजनाने आधीच खाली असलेली बाजू लाट आत घेते. दोर खोलीच्या किमान तिप्पट: १० मीटर पाण्याला ३० मीटर. खडपात टाकणार असाल तर दोर नांगराच्या बुडाला बांधा आणि वरच्या कडीला नुसता सुतळीने आवळा. अडकला तर जोरात ओढल्यावर सुतळी तुटते आणि नांगर उलटा सुटतो.

मशीन दहा मिनिटांत बंद पडलं तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा, तो उघडायचा राहिलेला असतो. मागून पाण्याची धार येत नसेल तर पाणी घेण्याच्या जाळीत प्लास्टिक अडकलंय. लगेच बंद करा. पेट्रोलचे तीन भाग करा, जायला एक, यायला एक, शिल्लक एक. जादा स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, पंख्याची पिन, दोन वल्ही, पाणी उपसायला डबा. लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नको. फोन पाणीबंद पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. किनाऱ्यावर कुणाला तरी परतायची वेळ सांगून निघा.

शेंगाळा (मिशावाला मासा) वर आला तर हाताने धरू नका. पाठीवर एक, दोन्ही बाजूंना एकेक असे तीन विषारी काटे असतात. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो. नंतर डॉक्टरला दाखवा. केंड मासा फुगून येतो, तो पोरांना दाखवायलाही घरी नेऊ नका, शिजवूनही विष जात नाही. समुद्रसाप लागला तर गळ काढायच्या भानगडीत न पडता तंगूस कापा.

माशाला किलोला किलो बर्फ लागतो. फोडलेल्या बर्फात थोडं समुद्राचं पाणी घाला, मासा सगळ्या बाजूंनी गार होतो. मोठ्या माशाचे कल्ले तिथेच कापून रक्त जाऊ द्या, आणि मग बर्फात घाला.