शब्द बदलू नकोस

तुझं पत्र वाचलं. तुझ्या तोतरेपणाबद्दल एक डॉक्टर सांगतात दोष मेंदूत आहे, दुसरे म्हणतात मनात, आणि तू दोघांच्या मधे अडकून बसला आहेस. "एकटा असताना घडाघडा बोलतो, मग दोष मेंदूत कसा?" या प्रश्नानं तुझ्या वयात मलाही छळलंय.

अरे, पार्किन्सन या मेंदूच्या आजारात रुग्णाचा हातसुद्धा ताण आला की जास्त थरथरतो. म्हणून त्याचा आजार मनाचा ठरतो का? ताणानं वाढणं वेगळं, ताणामुळे होणं वेगळं. तोतरेपणा बहुतेकांना २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो; तेव्हा लाज कशाशी खातात हेही माहीत नसतं. तो घराण्यात उतरतो, २०१० साली त्याच्याशी निगडित तीन जनुकंही सापडली. मेंदूच्या स्कॅनमध्ये बोलण्याचा वेळ जुळवणाऱ्या जोडण्यांत फरक दिसतो. गाताना किंवा दुसऱ्याबरोबर एका सुरात वाचताना आपण सहसा अडखळत नाही, बहुधा ताल बाहेरून मिळतो म्हणून.

मन मागाहून येतं आणि मग मुक्काम ठोकतं. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवात, नीट बोलणाऱ्या काही अनाथ मुलांना 'तुम्ही तोतरे बोलता' असं मुद्दाम सांगितलं गेलं. ती खऱ्या अर्थानं तोतरी झाली नाहीत. पण बोलायलाच बिचकू लागली. हे बिचकणं तुझ्यात आहे, आणि त्यावर तुझा ताबा चालतो.

म्हणून सांगतो, शब्द बदलू नकोस. तुझं नाव 'प'वर सुरू होतं, ओठ मिटतात ते उघडत नाहीत, म्हणून फोनवर तू वेगळंच नाव सांगितलंस! त्या क्षणी सुटलास, पण 'प'ची भीती आणखी घट्ट झाली. हे तुला कळत नाही असं नाही. मग कारणाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कशाला?

उत्तर येत असून वर्गात 'माहीत नाही' म्हणण्यात माझी शाळा संपली. ते आजही सलतं. आता माझं वाक्य कुणी पुरं केलं, तर मी ते पहिल्यापासून बोलतो. घरचे हट्टी म्हणतात. म्हणू देत, वाक्य माझं आहे, आणि इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या तोंडी गेलं.

वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जरूर जा, ओठ हलके टेकवून 'प' काढायला शीक. पण शब्द बदलू नकोस. आणि पुढच्या आठवड्यातल्या मुलाखतीत खुर्चीत बसताच सांगून टाक : मी अडखळतो, थोडा वेळ लागेल.