एकतीस ग्रॅमचा औंस

शनिवार पेठ, पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझं सिल्व्हर ईगल, म्हणजे अमेरिकेचं एक औंस चांदीचं नाणं, काट्यावर 31.1 ग्रॅम भरलं म्हणून तू घाबरलास, पण ते बरोबरच आहे. 28 ग्रॅमचा औंस किराणा मालाचा. सोन्याचांदीचा ट्रॉय औंस 31.1 चा. सिल्व्हर ईगल 1986 पासून याच वजनाचं निघतंय. त्यावर ‘एक डॉलर’ लिहिलंय ती नुसती नावाची किंमत, तिकडे बघूच नकोस.

आता खरं-खोटं. चुंबकावर विसंबू नकोस, तांबं-पितळही चुंबकाला चिकटत नाही. तुझ्या त्या नाजूक काट्यावर पाण्याचा पेला ठेव, आकडा शून्यावर आण आणि नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबतं सोड. तळाला, कडेला टेकू द्यायचं नाही. काटा 2.96 ग्रॅमच्या आसपास थांबेल. 31.1 ला त्याने भाग, 10.5 च्या जवळ आलं की चांदीची घनता जुळली. पितळेचं असेल तर काटा साडेतीनच्या वर जातो. मग मऊ कापडाने टिपून घे. घासू नकोस.

घासण्यावरून सांगतो. एका लक्ष्मीपूजनाला मी कौतुकाने 1996 चं ईगल चौरंगावर मांडलं. त्या साली जेमतेम 36 लाख पाडली होती, म्हणून त्याला मागणी. काळपट दिसलं, तर मीच चिंच आणि रांगोळी लावून लखलखीत केलं! पुढे विकायला काढलं तेव्हा एका जाणकाराने भिंगातून ओरखडे पाहिले आणि म्हणाला, “काका, आता चांदीच्या भावानेच.”

तू विचारलेल्या किमतीचं उत्तर त्यातच आलं. एक भाव चांदीचा, रोज बदलणारा. दुसरा हौसेचा, साल आणि स्थितीवर ठरणारा. लक्ष्मी रोडवर मोडायला गेलास तर सराफ पहिलाच देईल, वर घट धरेल, आणि घेताना भरलेला 3 टक्के जीएसटी गेला तो गेलाच. त्याचं काही चुकत नाही, तो चांदी घेतो. दुसरा भाव हवा तर संग्राहक गाठ. धनत्रयोदशीला घेतलेलं लक्ष्मीचं ‘नाणं’ मात्र त्याच्याकडे नेऊ नकोस. ते कुठल्याच सरकारने पाडलेलं नाही, ते पूजेतच शोभतं.

साल आणि धातू वाचल्याशिवाय भाव करू नकोस. चीनचं पांडा नाणं 2016 पासून 30 ग्रॅमचं झालं. ब्रिटनच्या ब्रिटानिया नाण्यात 2012 पर्यंत हजारात 958 भाग चांदी होती, नंतर 999. आपल्याकडच्या शंभर रुपयांच्या स्मारक नाण्यांत बरीचशी 35 ग्रॅमची, पण चांदी निम्मीच. उलट आजीकडचा राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. तो विकायचा विचारही करू नकोस.

कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यावर पांढरे ठिपके येतात म्हणजे काय, ते पत्रात कळणार नाही. रविवारी सकाळी ये, गॅलरीतल्या उजेडात दाखवतो. येताना तुझा काटा आण, माझ्याची बॅटरी गेली आहे.

तुझा,
काका