बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरला (प्रभार साठवणाऱ्या घटकाला) जोडलेला एलईडी थोडा वेळ पेटता राहतो, हे पाहिले. पण कपॅसिटरमध्ये ऊर्जा साठते हे घरच्या घरी आकड्यांनिशी कसे दाखवावे?

एलईडीचा प्रयोग आपण केलाच आहे, म्हणून थेट पुढच्या प्रयोगाकडे वळतो. ४७०० मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्ट क्षमतेचे दोन सारखे कपॅसिटर घ्या, त्यांपैकी एक ९ व्होल्टपर्यंत चार्ज करा, बॅटरी काढा आणि भरलेला कपॅसिटर रिकाम्याला समांतर जोडा. हाच प्रयोग सुचवण्याचे कारण असे की, महाविद्यालयात असताना याच प्रयोगात माझे प्रात्यक्षिकाचे गुण कापले गेले होते आणि तो हिशेब माझ्या लेखी अजून मिटलेला नाही.

त्या दिवशी दोन्ही कपॅसिटरवर साडेचार व्होल्टच्या आसपास दाब आला. प्रभार दोघांत निम्मा निम्मा वाटला गेला, त्यात नवल काहीच नाही. पण ऊर्जा दाबाच्या वर्गावर ठरते (धारकता × दाब × दाब ÷ २). सुरुवातीला ती ०.१९ ज्यूल होती, आणि जोडणीनंतर दोन्ही कपॅसिटरमधली मिळून ०.०९५ ज्यूल भरली, म्हणजे बरोबर अर्धी. परीक्षकांनी वही पाहिली आणि ‘तुमची जोडणी सैल आहे, जाड तार वापरली असती तर एवढी ऊर्जा वाया गेली नसती’ असा शेरा मारला.

मी घरी येऊन दोन्ही कपॅसिटर जाड तांब्याच्या तारेने जोडून पाहिले. तार टेकताच ‘चट्’ असा आवाज होऊन ठिणगी उडाली, तारेच्या टोकावर मोहरीहून लहान काळा ठिपका उमटला, आणि मल्टिमीटरवर पुन्हा साडेचारच व्होल्ट दिसले. नंतर मधे १०० ओहमचा रोध घालून पाहिला, मग १० किलोओहमचा. या शेवटच्या वेळी ठिणगी नव्हती, घाई नव्हती. एका कपॅसिटरवरचा आकडा सावकाश उतरत होता, दुसऱ्यावरचा चढत होता आणि दोघांची गाठ पडायला जवळपास दोन मिनिटे लागली. ती पडली साडेचारवरच. रोध बदलला की वेळ बदलतो, पण शेवटचा दाब बदलत नाही आणि म्हणून गमावलेली ऊर्जाही बदलत नाही. ती रोधात, तारेत, कपॅसिटरच्या अंतर्गत रोधात आणि ठिणगीत उष्णता होऊन जाते, तिचा किंचित भाग लहरींच्या रूपात बाहेर पडतो. जाड तारेने ऊर्जा वाचते, हे म्हणणे साफ चूक आहे.

अर्थात माझ्या वहीत ‘ऊर्जा रोधात खर्च झाली’ एवढेच लिहिले होते आणि मंडलात रोध तर मी लावलाच नव्हता, हेही कबूल करायला हवे. रोध कुठे आहे, असे त्यांनी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. त्यांनी ते विचारले नाही, जोडणीलाच दोष दिला.

आपला आकडा नेमका साडेचार येणार नाही, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या छापील मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. त्यासाठी दोघांची अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी. रिकामा कपॅसिटर खरोखर रिकामा असावा. १०० ओहमच्या रोधातून तो मिनिटभर उतरवून ठेवा, कारण क्षणभर शॉर्ट करून सोडला की त्यावरचा दाब आपोआप थोडा वर येतो. आणि हे आधीच सांगायला हवे होते: ध्रुव उलटे जोडू नका, कपॅसिटर फुटू शकतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर काढून हे करू पाहू नका. त्यावर ३०० व्होल्टच्या घरात दाब असतो आणि तो बॅटरी काढल्यावरही टिकून राहतो.