घरी केलेली किट बिअर प्रेशर बॅरलमध्ये किती दिवस मुरवायची आणि बॅरल कुठे ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंग्लंडमध्ये राहता, ४० पाइंटचं (साधारण २३ लिटरचं) बिटरचं, म्हणजे कडवट इंग्लिश बिअरचं, तयार अर्काचं किट आणून बिअर केलीत, दहा दिवसांपूर्वी साखर घालून ती प्रेशर बॅरलमध्ये, म्हणजे गॅसचा दाब धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिंपात, भरलीत आणि बॅरल स्वयंपाकघरातच ठेवलंय. काल तोटी उघडली तर बिअर गढूळ आली, फेस जवळजवळ नाहीच. ती फुकट गेली का, आणि आता किती दिवस, कुठे ठेवायची, असा तुमचा प्रश्न आहे.

फुकट गेलेली नाही. कृपा करून ओतून देऊ नका. दहाव्या दिवशी उबदार खोलीतल्या बॅरलमधून गढूळ बिअर येणं यात वावगं काहीच नाही, यीस्ट अजून खाली बसलेलं नसतं. फेस मात्र थोडाफार यायला हवा होता. तो आला नाही म्हणजे गॅस कुठून तरी निसटतोय, आणि बॅरलच्या बाबतीत ‘कुठून तरी’ म्हणजे बहुतेक वेळा झाकणातून.

आधी बॅरलमध्ये काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना पटतील. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, बिअर आंबून झाली की तिच्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो. बॅरल भरताना आपण ८० ते १०० ग्रॅम साखर घालतो. उरलेलं यीस्ट ती साखर खातं, पुन्हा गॅस तयार होतो, आणि या वेळी झाकण बंद असल्यामुळे तो बिअरमध्ये विरघळतो. या कामासाठी यीस्टला ऊब लागते. म्हणून पहिला आठवडाभर बॅरल १८ ते २० अंशांत असावं, म्हणजे स्वयंपाकघरात ठेवलंत ते बरोबरच केलंत. त्यानंतर मात्र ते गार जागी गेलं पाहिजे. गारव्यात यीस्ट तळाला बसतं, बिअर नितळ होते, आणि गॅसही द्रवात जास्त मुरतो. उबेत आठवडा आणि गारव्यात किमान दोन आठवडे, हा साध्या बिटरसाठी माझा ठरलेला हिशेब आहे. चार आठवडे थांबलात तर आणखी चांगली लागते, आणि हे मी तोंडदेखलं सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत किटच्या बिअरला कच्चा, किंचित गोडसर, यीस्टचा वास असतो. तो गेल्यावरच माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) वेगवेगळे जाणवायला लागतात.

आता झाकण. बॅरल कितीही महागाचं असो, सगळा भरवसा झाकणातल्या त्या एका रबरी वॉशरवर असतो. वॉशर जुना, कडक झालेला, किंवा त्याच्यावर साखरेचा एखादा कण चिकटलेला असला तरी गॅस रात्रंदिवस हळूहळू बाहेर जात राहतो आणि आवाजही येत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. भांडी घासायच्या लिक्विडचे दोनचार थेंब थोड्या पाण्यात कालवा आणि ब्रशने झाकणाच्या कडेला, व्हॉल्व्हभोवती आणि तोटीच्या बुडाशी लावा. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं बघत राहा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात, पण बारीक गळती असेल तर पाच मिनिटांनी कडेला पांढऱ्या, दाट, बारीक फेसाची रेघ उमटते. तीच शोधायची असते, घाईत ती नजरेतून सुटते.

गळती झाकणाशी असेल तर झाकण आणखी जोर लावून पिळू नका. बहुतेक जण तेच करतात आणि वॉशर वेडावाकडा होऊन गळती वाढते. झाकण काढा, वॉशर आणि आटे धुऊन, निर्जंतुक करून घ्या, वॉशरला व्हॅसलिनचा किंवा खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि नुसत्या हाताने घट्ट बसेल इतकंच फिरवा. झाकणाच्या मधोमध पितळी नळी असेल तर तिच्यावरचा छोटा रबरी पट्टाही बघा. दाब साधारण १० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला १० पौंडांच्या) आसपास गेला की तो उचलला जाऊन जादा गॅस सोडतो. तो तडकलेला असेल तर खूप आधीच सोडायला लागतो. होमब्रूच्या दुकानात वॉशर आणि पट्टा अगदी थोड्या पैशांत मिळतो. मी दोन्ही दर वर्षी बदलतो, खराब दिसोत न दिसोत.

हा १० पीएसआयचा आकडा लक्षात ठेवा, कारण बॅरलमध्ये कुठली बिअर ठेवावी हे त्यावरूनच ठरतं. एवढ्या दाबाला १२ अंश तापमानात बिअरच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट गॅस तिच्यात राहू शकतो, २० अंशांना जेमतेम दीडपट. बिटर, माइल्ड, पोर्टर, स्टाउट यांना एवढा पुरेसा आहे, पबमधल्या हँडपंपाने काढलेल्या एलमध्ये (पारंपरिक इंग्लिश बिअरमध्ये) तर याहूनही कमी असतो. पण लागर किंवा गव्हाच्या बिअरला अडीचपट आणि त्याहून जास्त गॅस लागतो. प्लॅस्टिकचं बॅरल तो धरूच शकत नाही. साखर वाढवून काही साधत नाही, जादा गॅस व्हॉल्व्हमधून जातो, आणि व्हॉल्व्ह चिकटून बसला असेल तर बॅरलचं बूड फुगतं. ते धोक्याचं आहे. लागरचं किट आणाल तेव्हा बाटल्याच भरा. तुम्ही बिटर निवडलंत हे उत्तम झालं.

जागेबद्दल. १० ते १३ अंश, अंधार आणि जिथून बॅरल हलवावं लागणार नाही अशी जागा. ब्रिटिश घरांत तळघर सहसा नसतं, पण गॅरेज, जिन्याखालचं कपाट, उत्तरेकडच्या बाजूची खोली यापैकी काहीतरी असतंच. फक्त गॅरेज हिवाळ्यात फार गार पडतं. तीन-चार अंशांत बिअर बिघडत नाही, पण पहिला उबेचा आठवडा नीट झालेला नसेल तर यीस्ट झोपी जातं आणि साखर तशीच राहते. उन्हाळ्यात उलटा त्रास. तेव्हा बॅरलभोवती ओला टॉवेल गुंडाळायचा आणि त्याचं टोक खाली पाण्याच्या परातीत सोडायचं, तापमान काही अंशांनी उतरतं. बॅरल पांढरं असेल तर वर जाड कापड टाकाच. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रक्रिया होऊन बिअरला एक घाण वास येतो आणि तो नंतर काही केल्या जात नाही.

भरलेलं बॅरल २५ किलोच्या घरात जातं. ते उचलून नेलं की बसलेला गाळ पुन्हा वर येतो, त्यामुळे गार जागी नेल्यावर पुन्हा हलवायचं नाही. मजबूत टेबलावर किंवा स्टुलावर अशा उंचीवर ठेवा की तोटीखाली पाइंटचा ग्लास सरळ उभा राहील. ग्लास तिरका धरायला जागा नसली की लोक बॅरलच पुढे कलवतात, आणि मग सगळा गाळ ग्लासात.

यापुढे सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे हवा आत जाऊ न देणं. किटच्या बिअरचं जे काही वाटोळं होतं ते मुरवताना क्वचित होतं, अर्धं बॅरल संपल्यावर होतं. बिअर काढत गेलो की आतली जागा वाढते आणि दाब उतरतो. सुरुवातीला बिअरमधलाच गॅस ती जागा भरतो. मग एक दिवस तोटी उघडल्यावर धार बारीक होते, थांबते, आणि तोटीतून ‘गुडुक’ असा आवाज येऊन बुडबुडा आत जातो. तो बुडबुडा हवेचा असतो. त्याच्याबरोबर ऑक्सिजन आणि जंतू आत शिरतात. ऑक्सिजनने बिअर आधी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागायला लागते, आणि जंतूंनी जोर धरला तर पुढे व्हिनेगरसारखी आंबट होते.

म्हणून धार मंदावली की तोटी लगेच बंद करा आणि गॅस द्या. झाकणावर ८ ग्रॅमच्या छोट्या गॅस बल्बची सोय असेल तर एक बल्ब पुरे. ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड साध्या दाबाला चार लिटरहून थोडी जास्त जागा भरतो, म्हणजे एका बल्बवर सात-आठ पाइंट निघतात असं धरून चाला. बल्ब घेताना नीट वाचून घ्या. क्रीम फेटायच्या यंत्राचे बल्ब दिसायला हुबेहूब तसेच असतात, पण त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. एअरगनचे बल्बही नकोत, ते खाण्यापिण्यासाठी भरलेले नसतात. वर्षातून तीन-चार बॅरलं करायचा विचार असेल तर एस३० व्हॉल्व्हचं (मोठा सिलिंडर जोडता येतो असं) झाकण आणि बदलून मिळणारा मोठा सिलिंडर घेणं परवडतं, शिवाय गॅस हवा तेवढाच, थोडा थोडा देता येतो. अर्धा सेकंद दाबायचं, ऐकायचं, थांबायचं.

आणि झाकण उघडून आत डोकावू नका. मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण मोह फार होतो. बिअरवर कार्बन डायऑक्साइडचा जो थर असतो तोच तिचं रक्षण करतो, आणि झाकण उघडलं की तो विस्कटतो. उघडावंच लागलं, जसं तुम्हाला आता वॉशरसाठी लागेल, तर बंद केल्यावर थोडा गॅस भरा, झाकण किंचित सैल करून तो बाहेर जाऊ द्या, पुन्हा घट्ट करा. असं दोनदा केलं की वरची बरीचशी हवा निघून जाते.

गढूळपणाबद्दल थोडं. रोज पहिला अर्धा ग्लास थोडा गढूळ येणारच, कारण तोटीच्या आत यीस्ट साठतं. तो वेगळा काढा, पुढची धार बघा. गारव्यात तीन आठवडे होऊनही सगळी बिअर धुरकट असेल तर घाई असणारे लोक फायनिंग्ज, म्हणजे गाळ लवकर खाली बसवणारे पदार्थ, घालतात. तुम्ही शाकाहारी असाल तर पुडी वाचून घ्या. आयसिंग्लास माशाच्या वायुपिशवीपासून काढतात आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून. मी यातलं काहीच घालत नाही, गारवा आणि वेळ दिला की किटची बिअर आपोआप नितळते. काही बॅरलांत तोटीला आतून नळी आणि तरंगता फ्लोट असतो. बिअर वरच्या थरातून येते, त्यामुळे ती लवकर स्वच्छ मिळते. पुढचं बॅरल घेताना तसं बघा.

टिकण्याचं म्हणाल तर चार टक्क्यांची बिटर, हवा लागू दिली नाही तर, बॅरलमध्ये तीन महिने छान राहते. सहा टक्क्यांच्या आसपासची स्टाउट दोन महिने मुरवल्याशिवाय मी तोटीला हातही लावत नाही, आणि ती त्यापुढेही बरेच महिने टिकते. भरपूर हॉप्सची आयपीए मात्र लवकर संपवा. प्लॅस्टिकमधून थोडा ऑक्सिजन झिरपतोच आणि हॉप्सचा सुवास आधी जातो. बॅरल रिकामं झालं की त्याच दिवशी धुवा, तोटी सुटी करून. उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिक वाकतं. काथ्याने घासूही नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. क्लोरीनचं जंतुनाशक वापरलंत तर भरपूर पाण्याने खळबळून घ्या, नाहीतर पुढच्या बिअरला दवाखान्यासारखा वास येईल.

हे उत्तर महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरच्या वापरासाठी बिअर करायला लागणारा परवाना रद्द केला, त्यामुळे इथे स्वतःपुरती करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तिकडे हा प्रयोग करू नका.

तुमच्या बॅरलचं आता असं करा. साबणाच्या पाण्याने गळती शोधा, वॉशर बदला. ५० ग्रॅम साखर कपभर पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि बॅरलमध्ये कडेने हळूच सोडा. कोरडी साखर टाकू नका, उरलासुरला गॅस उसळून फेस बाहेर येईल. झाकण लावून वर सांगितल्याप्रमाणे हवा काढा, आणखी एक आठवडा स्वयंपाकघरातच ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे नसतील आणि बॅरलची बाजू दाबल्यावर टणक लागत असेल तर काम झालं. मग गॅरेजमध्ये न्या, दोन आठवडे अजिबात हात लावू नका, आणि पहिला पाइंट काढाल तेव्हा तोटी अर्धीच उघडा, पूर्ण दाबाने आली तर ग्लासात नुसता फेसच पडेल. त्यानंतरही बिअर मिळमिळीत वाटली तर इथेच खाली लिहा, तोटीच्या मागच्या नटाबद्दल सविस्तर सांगतो.