आधी तिथी, मग गाडी

प्रश्न : आमचा 16 जणींचा भिशीचा गट जानेवारीत माणगावहून दिवेआगरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार आहे. थंडीतला किनारा अनुभवायचा आहे. दिवस कोणता धरावा?
— एक वाचक, माणगाव

उत्तर : गाडी ठरवण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर वेळापत्रक पडताळा.

तुम्हाला तृतीया ते षष्ठीमधला दिवस सोयीचा. साडेसातला पोचलात तर पाणी उतरत असतं आणि मागे राहिलेली ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, पायाखाली घट्ट लागते. लंगडी, लगोरी, काय हवं ते खेळा, बारापर्यंत जागा पुरते. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमाराची आणि उधाणाची. चहा होईपर्यंत पाणी चढू लागतं, तेही भराभर. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण ऐन सकाळी सहाला भरती असल्यामुळे तुम्ही पोचाल तेव्हा पुळण अरुंदच. चतुर्थी गणिताने उत्तम. पण ती संकष्टी निघाली तर निम्म्या जणी उपाशी. पंचमीच घ्या.

पाण्यात दहानंतर, ओहोटी सरून पाणी फिरलं की उतरा, तेही गुडघ्यापर्यंत. लाटा फुटत नाहीत असा मधलाच शांत पट्टा दिसला तर तिथे जाऊ नका. आलेलं पाणी तिथूनच परत जातं. ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर आडवं सरका आणि ओढ सुटली की लाटांबरोबर बाहेर या.

प्रश्न : पहाटे अंगावर शाल लागते, पण पाय बुडवला तर पाणी कोमट. हा भास का?
— एक वाचक, रोहा

उत्तर : भास नाही. जमीन रात्रीत निवते, समुद्र इतक्या लवकर निवत नाही. जानेवारीतही पाणी 25-26 अंशांच्या आसपास असतं आणि पहाटेची हवा त्याहून बरीच गार. त्या वेळी वाहतो तो मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. खरी हुडहुडी पाण्यात नाही, बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांत भरते, म्हणून कोरडे कपडे गाडीत न ठेवता किनाऱ्यावर हाताशी ठेवा. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि कोरडी वाळू थेट ताटात येते. नाश्ता त्याआधी उरका.

प्रश्न : किनाऱ्यावर पोपटी, म्हणजे मडक्यात वाफेवर शिजवलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, लावायची आहे. 16 जणींना किती सामान लागेल? मागच्या वेळी वरच्या शेंगा करपल्या, आतले बटाटे कच्चे राहिले.
— एक वाचक, माणगाव

उत्तर : पुळणीवर लावू नका. एक तर वारा जाळ एकाच बाजूला ओढतो, आणि तुमचे बटाटे बहुधा त्यामुळेच कच्चे राहिले. शिवाय हा कासवांच्या विणीचा हंगाम, त्यांची अंडी पुळणीतच असतात. एखाद्या वाडीत विचारून मोकळं अंगण मिळवा, झाडांपासून आणि पेंढ्यापासून लांब.

दोन मडकी घ्या. एका मडक्याला वालाच्या शेंगा 2 किलो, लहान बटाटे अर्धा किलो, अंडी 8, कोंबडी 1 किलो, मूठभर जाडं मीठ, 2 चमचे ओवा आणि भांबुर्डी या वासाच्या रानझुडपाचा भरपूर पाला. करपण्याचं कारण जवळजवळ नेहमी पाल्यातली कंजुषी. तळाला चार बोटं जाड थर, कडेनेही पाला, आणि तोंड तर ठासूनच बंद करायचं. मसाला लावलेल्या कोंबडीचे लहान तुकडे केळीच्या पानात बांधा. पुड्या, बटाटे, अंडी मध्ये, शेंगा भोवती. पाणी थेंबभरही नाही, शेंगा आणि पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. मडकं कोरडं हवं, ओलं असेल तर जाळावर तडकतं.

मडकं उपडं ठेवून चहूबाजूंनी गवत, पेंढा, वाळक्या झावळ्या लावा. एकदम भडका नको. 40 मिनिटं सारखा जाळ हवा. मग मडक्यावर पाण्याचा शिपका मारा. चर्र होऊन पाणी क्षणात उडालं आणि पाल्याचा वास सुटला की झालं. तरी कोंबडीची एक पुडी आधी उघडून बघा, हाडाजवळ लाल दिसली तर ती परत शिजवायची. आणि हो, कोंबडी घरून बर्फात आणा, नुसत्या थंडीच्या भरवशावर नाही.

निखाऱ्यांवर माती लोटू नका, पाणी ओता. झाकलेला निखारा कित्येक तास धगधगत राहतो आणि वरून दिसत नाही. अनवाणी पोराचा पाय नेमका तिथेच पडतो.

प्रश्न : सामान जड आहे, गाडी पुळणीवर नेली तर?
— एक वाचक, महाड

उत्तर : नेऊ नका. रुतली आणि भरती आली तर सामानाचं ओझं परवडलं असं होईल. रुतलीच तर एक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हातांनी काढा, टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकांखाली झावळ्या किंवा फळ्या घाला आणि हळू बाहेर काढा. हवा पुन्हा भरेपर्यंत गाडी सावकाश चालवा, आणि घरी पोचलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.