‘रद्द करा’ म्हटल्यावर फोनवरची मुलगी ऐकत का नाही?

तुमच्या प्रश्नात दोन प्रसंग आहेत. अपडेटनंतर फोन मंद झाला, बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, आणि सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने बॅटरी न तपासताच ‘आता नवीनच घ्या’ म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात एक सबस्क्रिप्शन बंद करायला तुम्ही कस्टमर केअरला फोन केला, तर पलीकडच्या मुलीने अर्धा तास ऑफर्स ऐकवल्या, आणि इतकं होऊनही ते बंद झालंच नाही. तुम्ही तिच्यावर ओरडलात, ती गप्प झाली, आणि आता तुम्हालाच चुटपुट लागली आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की ही माणसं खोटारडी असतात, की टेक कंपन्या मुळातच चोर आहेत?

मी नऊ वर्षं कस्टमर केअरमध्ये होते. पहिली चार वर्षं कॉल घेतले, पुढची पाच क्वालिटी टीममध्ये बसून इतरांचे कॉल ऐकले आणि त्यांना गुण दिले. त्यामुळे त्या मुलीची बाजू मला आतून माहीत आहे. आणि मला असं ठामपणे वाटतं की कंपनी ग्राहकाशी कशी वागेल हे तिच्या जाहिरातींत किंवा धोरणांच्या पानावर कळत नाही. कर्मचाऱ्याचे महिन्याचे गुण कशावरून ठरतात, ते बघितलं की कळतं.

आमच्याकडे ते असे ठरायचे. कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला. तोच ग्राहक आठवड्याभरात पुन्हा फोन करतो का. कॉलनंतरच्या सर्व्हेत किती तारे मिळाले. आणि जे लोक ‘बंद करा’ म्हणायला फोन करतात, त्यांच्यातले किती टिकवले. या शेवटच्या आकड्याला आम्ही ‘सेव्ह’ म्हणायचो. ग्राहकाने रद्द करायला सांगितलं आणि मी लगेच रद्द केलं, तर तो माझ्या नावावरचा तोटा. तीन ऑफर्स द्यायच्याच, क्रमाने द्यायच्या. एक जरी गाळली तर क्वालिटीचे गुण कापले जायचे. आणि सगळ्यात वाईट नियम हा की कॉल मध्येच तुटला किंवा ग्राहकाने वैतागून फोन ठेवला, तर खातं चालूच राहायचं, म्हणून तो ‘सेव्ह’ धरला जायचा. तुम्ही चिडून फोन आपटलात ना? त्या मुलीच्या तक्त्यात तो बहुधा यश म्हणून गेला असेल. तिने काही खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तिला फक्त थांबायची परवानगी नव्हती.

ही माझ्या एकटीच्या जुन्या कंपनीची गोष्ट नाही. अमेरिकेत जुलै २०१४ मध्ये कॉमकास्ट या केबल-इंटरनेट कंपनीच्या एका ग्राहकाने असाच कॉल रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकला. इंटरनेट जोडणी बंद करा, इतकंच त्याचं म्हणणं होतं, आणि एजंट पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, का बंद करताय, का बंद करताय. रेकॉर्डिंग लाखो लोकांनी ऐकलं. कंपनीने आधी माफी मागितली. पण मला महत्त्वाची वाटते ती नंतर बाहेर आलेली गोष्ट. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या अंतर्गत पत्रात स्वच्छ मान्य केलं होतं की या एजंटने जे केलं त्यातलं बरंचसं आपणच त्याला शिकवलं होतं आणि त्यासाठीच आपण त्याला पगार देतो. इतका प्रामाणिक कबुलीजबाब मी या धंद्यात फार क्वचित वाचला आहे.

वेबसाइटवरून रद्द करायला गेलात तर माणसाच्या जागी स्क्रीन येते, हिशेब तोच राहतो. तिथे एजंटऐवजी डिझायनरचं यश मोजलं जातं, किती लोक रद्द न करताच मागे फिरले यावरून. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने जून २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर प्राइम सदस्यत्वावरून खटला भरला, तेव्हा तक्रारीत म्हटलं होतं की रद्द करण्याच्या वाटेला कंपनीत एका लांबलचक ग्रीक महाकाव्याचं नाव दिलेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलर्सवर तडजोड झाली. त्यातला १ अब्ज दंड, दीड अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण सदस्यत्वाला नकार देण्याचं बटण स्पष्ट ठेवायचं आणि रद्द करणं सोपं करायचं हे कबूल केलं. जर्मनीत तर १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार करता येत असेल तर तो रद्द करायचं बटणही तिथेच, ठळक हवं असा कायदाच आहे. भारताने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ ‘डार्क पॅटर्न’ची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांची, यादी काढली, तिच्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आहे. थोडक्यात, तुम्हाला जे झालं त्याला आता जगभर नाव आहे आणि बऱ्याच ठिकाणी ते बेकायदेशीरही आहे. ‘आपल्यालाच नीट सांगता आलं नाही’ असं मनात धरू नका.

आता फोन. इथे आधी थोडं तंत्र समजून घ्या, कारण त्याशिवाय सर्व्हिस सेंटरमध्ये तुमचं कोणी ऐकणार नाही. लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि वयाने झिजते. साठा कमी होतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो, म्हणजे बॅटरीच्या आतूनच विजेला होणारा अडथळा वाढतो, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की जुन्या बॅटरीचा व्होल्टेज खाली कोसळतो आणि फोन वीस-तीस टक्के चार्ज दिसत असतानाच बंद पडतो. हे टाळायचा एक मार्ग म्हणजे प्रोसेसरचा वेगच कमी करणं. तांत्रिकदृष्ट्या यात चूक नाही. चूक होते ती न सांगता करण्यात.

अ‍ॅपलने नेमकं तेच केलं. २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटपासून जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग गरजेप्रमाणे कमी केला जात होता आणि ग्राहकाला त्याचा पत्ता नव्हता. लोकांना वाटायचं फोनच म्हातारा झाला. डिसेंबर २०१७ मध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की बॅटरी बदलल्यावर फोन पुन्हा पहिल्यासारखा पळतो. मग वेग मोजणाऱ्या एका अ‍ॅपच्या संस्थापकाने हजारो फोनचे आकडे आलेखावर मांडले, तेव्हा कंपनीला कबूल करावं लागलं. बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलर्सवरून २९ वर आला, आणि पुढच्या वर्षी सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान आलं. फ्रान्सने ग्राहकांना न सांगितल्याबद्दल २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड केला. आणि जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात आयफोनची विक्री अपेक्षेपेक्षा कमी होण्याच्या कारणांमध्ये स्वस्तात बॅटरी बदलून घेणारे ग्राहक हेही एक कारण दिलं होतं. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. कितीतरी लोकांना नवीन फोन नकोच होता, नवीन बॅटरी हवी होती.

मग सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला हे माहीत नसतं का? असतं. आमच्या विभागाकडे दोन वर्षं अशा सेंटरच्या तक्रारी यायच्या, त्यामुळे त्यांचे आकडेही मी बघितले आहेत. दुरुस्त करून दिलेला फोन महिन्याभरात परत आला तर ते सेंटरच्या नावावर लागायचं. म्हणून फोनच्या आतल्या सर्किट बोर्डवरचा एखादा छोटा भाग बदलण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदला, आणि अख्खा बोर्ड महाग पडतो म्हणून ‘नवीनच घ्या’ सांगा, हे त्याला सगळ्यात सुरक्षित. नवीन फोन महिन्याभरात दुरुस्तीला परत येत नाही. उत्तम हात असलेले कारागीर मी असे पाहिलेत की ज्यांना वर्षानुवर्षं सुटे भाग जोडायचं सोल्डरिंगचं हत्यार हातात धरू दिलं नव्हतं. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी जाताना फोन मंद झाला असं सांगू नका. सेटिंग्जमधलं बॅटरीच्या क्षमतेचं पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट न्या. बहुतेक कंपन्यांच्या लेखी ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बदलण्याजोगी असते. तुमच्या फोनमध्ये ते पान नसेल तर सेंटरला बॅटरीची तपासणी करून तिचा निकाल जॉबशीटवर, म्हणजे फोन दुरुस्तीला घेताना ते भरतात त्या कागदावर, लिहायला सांगा. फोन त्यांच्या हातात देण्याआधी जॉबशीट घ्या, त्यात तुमची तक्रार तुमच्या शब्दांत उतरली आहे का ते वाचा, मगच सही करा. ‘बॅटरी बदलून मिळणार नाही’ असं म्हणाले तर हरकत नाही, तेवढंच कारणासह लिहून द्या म्हणा. तोंडी नकार द्यायला काहीच लागत नाही. लेखी नकार द्यायचा म्हटलं की माणूस आत जाऊन विचारून येतो, आणि कितीतरी वेळा बॅटरी घेऊनच बाहेर येतो.

तुम्ही मध्ये एकदा बाहेरच्या दुकानात स्क्रीन बदलली म्हणून ते वॉरंटी नाकारतील अशी भीती तुम्हाला वाटते. हे कुठे राहता त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने अशी सरसकट अट घालता येत नाही, आणि २०१८ मध्ये ट्रेड कमिशनने ‘सील तुटलं तर वॉरंटी संपली’ छापाच्या वाक्यांबद्दल सहा कंपन्यांना ताकीद दिली होती. तुमच्याकडचा नियम काहीही असो, प्रश्न एकच विचारायचा, की बदललेल्या स्क्रीनमुळे बॅटरी खराब झाली हे तुम्ही कसं ठरवलं, ते लिहून द्या.

सबस्क्रिप्शनचं सोपं आहे, पण क्रम पाळा. फोन करू नका. ईमेल किंवा चॅटवर लिहा. अमुक तारखेपासून सेवा बंद करावी, त्यानंतर कापलेले पैसे परत करावेत, मला कोणतीही ऑफर नको, तक्रार क्रमांक कळवावा. एवढ्या चार ओळी पुरतात. ‘ऑफर नको’ हे लेखी असलं की एजंटला त्या तीन ऑफर्सची पायरी गाळता येते, कारण क्वालिटीवाल्याला दाखवायला त्याच्याकडे कारण असतं. मी स्वतः अशा चॅटना पूर्ण गुण देत असे. चॅटची प्रत जपून ठेवा. पैसे आपोआप कापायची परवानगी बँकेत किंवा कार्डावर दिलेली असेल तर ती मात्र ईमेल पाठवल्यानंतरच काढा. उलट केलंत तर थकबाकीदार म्हणून तुमच्याच मागे लागतील.

आणि ते तारे. पाचपैकी चार तारे म्हणजे बरं काम झालं असं ग्राहकाला वाटतं. आमच्याकडे पाचाखालचं सगळं नापास होतं. चार तारे देणाऱ्या सज्जन माणसांमुळे माझ्या टीममधल्या मुलींचा बोनस गेलेला मी पाहिलाय. एजंट नीट बोलला असेल तर पाचच द्या आणि तक्रार लिहायच्या चौकटीत कंपनीबद्दल लिहा. चौकट कोणीतरी वाचतं. निदान मी वाचायचे.

कंपन्या मुळातच चोर आहेत, हे मला पटत नाही, कारण मोजमाप बदललं की तीच माणसं वेगळी वागताना मी बघितली आहेत. झॅपोस या बूट विकणाऱ्या कंपनीने कॉल किती वेळ चालला हे मोजायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांच्या एका एजंटने एका ग्राहकाशी दहा तासांहून जास्त वेळ बोलल्याची नोंद आहे. आमच्याकडेही एका वर्षी, तक्रारी फार वाढल्या म्हणून, तुटलेला कॉल ‘सेव्ह’ धरणं बंद केलं. एका महिन्यात मुलींचे आवाज बदलले. मी रेकॉर्डिंग ऐकत होते, मला तो फरक कानांनी कळला. नवीन प्रशिक्षण नाही, नवीन माणसं नाहीत, तक्त्यातली एक ओळ तेवढी काढली होती.

राहिली तुमची चुटपुट. पुन्हा फोन केलात तरी तीच मुलगी मिळणार नाही, कॉल ज्याची रांग मोकळी त्याच्याकडे जातो. पण तुमच्याकडे त्या कॉलची तारीख आणि वेळ आहे. रद्द करण्याचा ईमेल लिहाल तेव्हा खाली एक ओळ जोडा: अमुक तारखेला अमुक वेळी बोललेल्या प्रतिनिधीबद्दल माझी काही तक्रार नाही, तिने नियमाप्रमाणे काम केलं, माझी तक्रार त्या नियमाबद्दल आहे. वेळ दिली की कॉल शोधता येतो आणि ती ओळ तिच्या नावासमोर जोडली जाते. नऊ वर्षांत माझ्यासमोर अशा ओळी तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी त्या छापून त्या त्या मुलीला नेऊन दिल्या होत्या.