शेवट सांगायचा नाही

"मॅडम, पुस्तकाला हातच लावंना ओ हा. मोबाइल दिला की तासन्‌तास हलत नाही." सोलापुरात माझ्याकडे येणाऱ्या पालकांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर जास्तच. त्यावर मी काय सुचवते, ते एका मुलाच्या निमित्ताने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा सातवीतला. घर पूर्व भागात, वडील यंत्रमागावर, आई घरी शिलाई करते. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर हिंदी. आईने हौसेने पुस्तकं आणली होती. रोज दहा पानं वाचायची असा नियम होता आणि वाचून झालं की प्रश्न ठरलेला, "काय शिकलास, सांग." पोरगा मागच्या कव्हरवरची दोन वाक्यं म्हणून दाखवायचा आणि सुटायचा.

पहिल्या भेटीत मी त्याच्याकडून एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला. घरीही हे आधी करून बघावं. ओळ सतत सुटत असेल, सारखी दिसणारी अक्षरं गोंधळत असतील, प्रत्येक जोडाक्षराशी गाडी अडत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. तिथे वाचनाची गोडी लावायच्या युक्त्या कामाच्या नाहीत, आणि अशा लेकराला आळशी म्हणणं तर फार अन्यायाचं आहे. या मुलाचं वाचन संथ होतं, पण नीट होतं. त्याला वाचता येत होतं, वाचावंसं वाटत नव्हतं.

मोबाइलवर काय बघतोस विचारलं, तर म्हणाला, सिनेमाचे ट्रेलर. एकच ट्रेलर पुन्हा पुन्हा. आवाज कुठे एकदम बंद होतो, हिरोचं तोंड किती उशिरा दाखवतात, कोणता सीन मुद्दाम अर्धाच सोडतात, हे त्याने हातवारे करून मला समजावलं. आई बघतच राहिली. मी विचारलं, "एखाद्या पुस्तकाचा ट्रेलर करशील का?"

पुस्तकाचा ट्रेलर म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ, जो बघून समोरच्याला ते पुस्तक मागावंसं वाटेल. प्रकाशक असे ट्रेलर करतात. घरी करायला एक साधा फोन, कागद आणि रंग पुरतात. समोर ठेवलेल्या पुस्तकांतून त्याने सगळ्यात बारीक पुस्तक उचललं. मी काही बोलले नाही, कारण निवड त्याचीच असायला हवी. ते होतं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं मुलांसाठी लिहिलेलं चरित्र. भैया चौकातलं स्मारक त्याने येता-जाता पाहिलं होतं, आत कधी गेला नव्हता. मी अट एकच घातली: शेवट सांगायचा नाही.

पहिला मजकूर शाळेच्या निबंधासारखा आला. "डॉ. कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापूर येथे झाला. ते थोर डॉक्टर होते." मी विचारलं, "हे ऐकून तुझा मित्र पुस्तक मागेल?" त्याने जरा विचार केला आणि मान हलवली. नाही. मग पुस्तक घेऊन घरी गेला आणि पुन्हा वाचायला बसला. या वेळी त्याला कोणी बसवलं नव्हतं. काय लपवायचं हे ठरवायला आधी सगळं माहीत असावं लागतं, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपाचा जीव तिथेच आहे. 'काय शिकलास' विचारलं की मूल पुस्तकात तात्पर्य शोधतं, ते सापडलं की पुस्तक मिटतं. 'सांगू नकोस' म्हटलं की ती गोष्ट त्याची स्वतःची होते.

दुसऱ्या वेळी त्याने आणलेला मजकूर असा होता:

"भैया चौकात एक स्मारक आहे. १९३८ साली पाच डॉक्टर बोटीत बसले. चीनमध्ये युद्ध चालू होतं. त्यातला एक आपल्या सोलापूरचा. चौघे परत आले. हा का नाही आला?"

कोटणीसांनी तिथे गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, त्यांना मुलगा झाला, १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी ते तिथेच गेले. यातलं त्याने एक अक्षर घेतलं नव्हतं. मी मुद्दाम म्हटलं, "लग्नाचं तरी टाक की." तर म्हणाला, "नको मॅडम, ते वाचतानाच कळायला पाहिजे." हे ऐकून मला फार आनंद झाला.

चित्रं पाच, खडूंनी काढलेली. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फोन आडवा ठेवला आणि खालून एकेक कागद सरकवला. संगीत कुठून घ्यायचं हा प्रश्न होता. दुसऱ्याचं गाणं उचलू नये असं मी सांगितलं होतं. तो वडिलांबरोबर कारखान्यात गेला आणि लूमचा खडखडाट रेकॉर्ड करून आणला. युद्धाच्या चित्रावर तोच आवाज, आणि शेवटच्या प्रश्नाआधी एकदम बंद. तसं कर म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी वर्गात तो दाखवू दिला, दोघा-तिघांनी पुस्तक मागितलं. घरी आईने विचारलं, "मग का नाही आले रे ते परत?" याने सांगितलंच नाही. शेवटी तिने ते रात्री स्वतः वाचून काढलं.

मोबाइल सुटला का, असं पालक विचारतात. सुटला नाही. तो किती वेळ वापरायचा याचा नियम घरात वेगळा करावा लागला. पण मुलगा आता पुस्तकं मागतो, काही अर्धी सोडतो, काही पुरी वाचतो, आणि अर्धी सोडली म्हणून आई रागावत नाही. दर वेळी पुस्तक विकतच घ्यायला हवं असंही नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय आपल्या शहरात आहे.

बिघडतं कुठे, तेही सांगते. पालकच उत्साहाने स्क्रिप्ट लिहितात, ॲप शोधतात, इफेक्ट टाकतात, आणि मूल नुसतं बघत बसतं. काही जण व्हिडिओ लगेच सगळ्या जगाला दाखवतात, मग पुस्तक राहतं बाजूला आणि लाइक मोजणं सुरू होतं. घरच्यांना आणि वर्गाला दाखवला तरी भरपूर झालं. मुलाचा चेहरा त्यात नसला तर उत्तमच. प्रत्येक पुस्तकाचा ट्रेलर करायला लावू नका, नाहीतर तोही गृहपाठ होऊन बसेल. ज्याला चित्रं काढायचा कंटाळा आहे त्याने नुसत्या आवाजाचा करावा. लहान भावंडं असतील तर कागद सरकवायचं काम त्यांना द्या. त्यासाठी ती गोष्ट त्यांनाही ऐकवावी लागते.